सोलापूरच्या उन्हात पेल एल: चाखून गुण द्यायचे तर आधी काय विचारायचं?

काळी_माती | १२ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी विजापूर रोडला मित्राच्या गच्चीवर आम्ही सहा जण चार पेल एल चाखायला बसलो. कॅन खाली स्वयंपाकघरातच उघडले, ग्लासांच्या बुडाला क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि ओतणाऱ्या वहिनींनी शेवटपर्यंत एक अक्षर तोंडातून काढलं नाही. चारही बिअर छोट्या, स्वतंत्र ब्रुअरींच्या, पुण्याहून आणलेल्या.

गुण बीजेसीपी या अमेरिकन परीक्षक संस्थेच्या पन्नासाच्या तक्त्यावर दिले. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण समाधानाला १०. दिसण्याला तीनच गुण ठेवलेत हे मला फार पटतं. अमेरिकन पेल एलसाठी त्यांनी मर्यादाही दिल्यात: अल्कोहोल ४.५ ते ६.२ टक्के, कडूपणा ३० ते ५० आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक).

घ ला सगळ्यात जास्त, सरासरी ३९. मोसंबी सोलताना सालीतून बोटांवर जो बारीक फवारा उडतो, नेमका तो वास आधी येतो. मग पपनस. घोट गिळला की जिभेच्या मागच्या बाजूला कडूपणा येतो, पण कारल्यासारखा बसून राहत नाही. कोवळ्या मेथीच्या पानासारखा येतो आणि जातो. खाली माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, चव ग्लुकोज बिस्किटाची. क ठीक होती, ३१. ख ला ओतताक्षणी लोण्याचा वास आला. आंबवण संपताना यीस्टला पुरेसा वेळ दिला नाही की डायअ‍ॅसिटिल उरतं, त्याचा तो वास. तो दोष ब्रुअरीतलाच, त्यामुळे २६ द्यायला काही वाटलं नाही.

आता ग. पहिल्याच घोटाला सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. ओला पुठ्ठा! पावसात भिजलेलं खोकं घरात वाळत ठेवल्यावर येतो तसा वास, मागे जुन्या मधाचा गोडवा, आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, मागमूस नाही. सरासरी २१. चिठ्ठ्या उलगडल्यावर मी माझी वही काढली. हीच बिअर फेब्रुवारीत त्या ब्रुअरीतच बसून नळावरची प्यायलो होतो आणि माझ्याच अक्षरात ४१ गुण लिहिले होते.

डबा पालथा करून तारीख बघितली. भरून नऊ आठवडे झालेले. ज्या दुकानातून घेतली तिथे ती दाराजवळच्या फळीवर होती, फ्रिज स्ट्राँग बिअरनं भरलेला. तिथून माझ्या गाडीच्या डिकीत. टेंभुर्णीला जेवायला तासभर थांबलो तेव्हाही डिकीतच, भर दुपारी.

ते २१ गुण त्या ब्रुअरीच्या नावावर टाकायला माझं मन होत नाही, म्हणून इथे एकही नाव दिलेलं नाही. आपल्या गावात पेल एलला गुण देण्याआधी तिची भरल्याची तारीख आणि तिचा प्रवास वहीत लिहायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. तुमचे अनुभव सांगा.

(धागा २१ पूर्ण झालेल्यांसाठीच. महाराष्ट्रात बिअरला वयाची तीच अट आहे आणि पिण्याचा परवानाही लागतो, तो काढून ठेवा.)

नवीपेठकर | १२ एप्रिल, रात्री ११:२५

लई भारी धागा. पण दादा, मुळापासून सांगा की. आपण बारमध्ये पितो ती बिअर आणि ही पेल एल, फरक काय? आणि ते आयपीए आयपीए म्हणतात त्यात इंडिया कुठनं आला?

काळी_माती | १३ एप्रिल, सकाळी ७:५०

बारमधली बहुतेक बिअर लागर असते. लागरचं यीस्ट ८ ते १३ अंशांत, सावकाश काम करतं. एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांत, भराभर, आणि जाताजाता फळांसारखे वास सोडतं. पेल म्हणजे फिकट. इंग्लंडमध्ये जव लाकडाच्या जाळावर वाळवायचे तेव्हा बिअर काळपट, धुरकट व्हायची. दगडी कोळशाचा कोक आला, आच हातात राहायला लागली, आणि फिकट माल्ट मिळायला लागलं.

अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा ब्रुअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून आपली बिअर हिंदुस्थानात धाडायचा. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, त्यातला इंडिया तो हाच. १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंटचे ऑलसॉप आणि बास या धंद्यात उतरले आणि पुढे निघून गेले. कारण पाणी! बर्टनच्या विहिरींत जिप्सम विरघळलेलं, सल्फेट भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि धारदार लागतो. (आपल्या बोअरच्या जड पाण्याला आपण नावं ठेवतो, पण जड पाण्यानं एका गावाचं नाव केलं.) बासचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमधला पहिला नोंदलेला ट्रेडमार्क, १८७६ चा.

आज आपण ज्या संत्र्या-पपनसाच्या वासावर भाळतो ती गोष्ट अमेरिकेतली. कॅस्केड ही हॉपची जात तिथे १९७२ साली बाहेर आली आणि कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडानं १९८० पासून तिच्यावर पेल एल उभी केली. आपल्या बाजूला पुण्यात २००९ ला डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली. हे नाव देवळालीचंच. तिथल्या छावणीत जहाजाची वाट बघून बघून सोजिरांची डोकी फिरायची, त्यावरून इंग्रजीत तो शब्द पडला.

भीमाकाठ | १३ एप्रिल, दुपारी १:१२

एक शंका. शिडाच्या जहाजातून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार-सहा महिने हेलकावे खात ती बिअर कलकत्त्याला चांगली पोचायची म्हणतात. मग तुमची नऊ आठवड्यांत कशी काय गेली? उन्हाचं कारण मला पुरतं पटत नाहीये.

शेंगाचटणी | १३ एप्रिल, रात्री ९:३०

भीमाकाठ, शंका अगदी रास्त आहे. मी माहेरची सोलापूरची, सध्या पुण्यात खाद्यपदार्थांच्या चव-चाचणीचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

जहाजातून जायची ती बिअर लाकडी पिंपात, जिवंत यीस्टसकट असायची. ते यीस्ट आत शिरलेला ऑक्सिजन खात राहतं. हॉप्स सढळ हातानं घातलेले असायचे ते मुख्यतः बिअर आंबट होऊ नये म्हणून, कारण हॉप्समधली कडू द्रव्यं जंतूंना वाढू देत नाहीत. इकडे उतरायची ती मुरलेली बिअर. ताज्या हॉप्सचा वास त्यात उरत नसणार, आणि पिणाऱ्याला त्याची अपेक्षाही नव्हती. लोणचं मुरल्यावर कैरीचा ताजा वास कोणी मागतं का?

आजच्या पेल एलमध्ये आपण पैसे मोजतो ते नेमके त्या ताज्या वासासाठी. तो वास मर्सीन, लिनालूल, जिरॅनिऑल अशा उडून जाणाऱ्या, चटकन बदलणाऱ्या तेलांचा. कॅन भरताना आत राहिलेला अगदी थोडा ऑक्सिजनही पुरतो. आधी ही तेलं मावळतात, मग ट्रान्स-२-नोनेनल वर येतं. काळी_माती यांना लागलेला ओला पुठ्ठा तो हाच. तो आपल्या नाकाला कळायला अब्जात एखाद-दुसरा भागही पुरतो. आणि ही सगळी रसायनं उष्णतेनं पळत सुटतात.

बिअरवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे, ३-३०-३००. ३२ अंशांत तीन दिवस, २२ अंशांत तीस दिवस आणि ३ अंशांत तीनशे दिवस ठेवलेली बिअर साधारण सारखीच शिळी होते. ढोबळच आहे, पण तो सोलापूरच्या मे महिन्यावर लावून बघा. आपल्याकडे रात्री दहाला घरातल्या भिंतीला हात लावला तरी गरम लागते. माळ्यावरचा एक आठवडा म्हणजे फ्रिजमधलं दीड-दोन वर्षांचं म्हातारपण.

उजेडाचं वेगळं. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीवर ऊन पडलं तर काही मिनिटांत वेगळीच घाण सुटते. तपकिरी बाटलीत ते खूपच कमी, कॅनमध्ये अजिबात नाही.

काळी_माती, माझी विनंती आहे. फेब्रुवारीची आठवण आणि एप्रिलची चव यांची तुलना भक्कम नाही. आठवण स्वतः गोड होत जाते. ब्रुअरीतून एकाच दिवशी भरलेले कॅन आणा, अर्धे फ्रिजमध्ये, अर्धे बाहेर ठेवा आणि चार आठवड्यांनी त्रिकोणी चाचणी घ्या. प्रत्येकापुढे तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला एवढंच ओळखायचं. आवडलं-नावडलं नंतर.

डाळिंबवाला | १४ एप्रिल, पहाटे ५:४५

ताई, मी बिअरमधला जाणकार नाही, पण हे वाचून माझ्या बागेतलं बोलतोय असं वाटलं. सांगोल्याकडे माझी डाळिंबं आहेत. तोडणी पहाटे उरकतो, क्रेट उन्हात एक तास राहिलं तरी व्यापाऱ्याला कळतं. निर्यातीचा माल पॅकहाउसमध्ये आधी थंड करून घेतात आणि मगच कंटेनरमध्ये भरतात. मधे कुठे तापला तर परत गार करून काही उपयोग नाही. वरून साल लाल दिसते, दाणे आतून तपकिरी पडलेले असतात. तुमच्या डब्याचंही तेच झालंय. दुकानातून नेऊन घरी फ्रिजमध्ये ठेवला, हाताला गार लागला, म्हणून तो ताजा होत नाही.

भीमाकाठ | १४ एप्रिल, सकाळी ११:०३

ताई, लोणच्याचं उदाहरण वाचून पटलं. शंका मागे घेतो. पण आपल्या जिभेचं काय? लहानपणापासून ठेचा आणि शेंगाची चटणी. आपल्याला हे बारीक फरक कळणार का?

शेंगाचटणी | १४ एप्रिल, रात्री १०:१०

कळतात हो, नक्की कळतात. वास नाकाचा आहे आणि तिखटानं नाक मरत नाही. फक्त चाखायच्या आधी दोन तास तिखट नको. तिखटावर फसफसणारी, कडू बिअर गेली की आग वाढते आणि मग कडूपणाचं मोजमापच चुकतं. मधे साधी ज्वारीची भाकरी आणि पाणी घ्या. पावाऐवजी भाकरी मला जास्त चालते, तिला यीस्टचा वास नसतो.

आणखी दोन गोष्टी. ग्लास साबणाचा राहू देऊ नका, फेस बसतो. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरवा, सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. जिथे चिकटणार नाही तिथे तेलकटपणा आहे. आणि 'एकदम चिल्ड' मागू नका. २-३ अंशांत वास मिटून बसतो. पेल एल ७ ते १० अंशांत बोलते. आपल्या हवेत ग्लास आपोआप तापतो, म्हणून पन्नास-शंभर मिली ओता आणि लगेच चाखा.

चाखणं झाल्यावर मात्र चटणी जरूर घ्या. शेंगदाण्याचं तेल आणि लसूण तोंडात असताना पपनसाच्या वासाचा घोट घेतला की तोंड साफ धुऊन निघतं. कडक भाकरीचा तुकडा, त्यावर चटणी, वर दही. याहून चांगली जोडी मी पुण्यातल्या कुठल्याच टेबलावर खाल्लेली नाही.

मालदांडी | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीची पेल एल का होत नाही? ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, इकडे पोत्यांनी पिकते. कोणी करत असेल तर मी स्वतः पोतं आणून देतो.

शेंगाचटणी | १५ एप्रिल, रात्री ९:५५

होऊ शकते. नायजेरियानं १९८८ मध्ये जवाच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअरी ज्वारीवर गेल्या. अडचण दोन ठिकाणी येते. जवाचा स्टार्च साधारण साठ-पासष्ट अंशांत फुलतो आणि त्याच तापमानात जवातली विकरं (एन्झाइम) त्याची साखर करतात. ज्वारीचा स्टार्च फुलायला सत्तरच्या आसपास किंवा वर जावं लागतं, तिथे ही विकरं मरतात. शिवाय ज्वारीला मोड आणले तरी विकरं कमीच. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवून, मग थंड करून जवाच्या माल्टमध्ये मिसळतात, नाहीतर बाहेरून विकरं घालतात. वीस-तीस टक्के मालदांडी ज्वारी घेतलेली पेल एल मला फार प्यावीशी वाटते. पण हे परवानाधारक ब्रुअरीनंच करायचं. घरी बिअर गाळणं आपल्या राज्यात बेकायदा आहे, तेव्हा पोतं ब्रुअरीकडे न्या.

माय_लेक | १६ एप्रिल, दुपारी ३:३०

धागा वाचतेय. माझ्या घरात दारूनं खूप काही गेलंय, म्हणून एवढंच विचारते: अशा बैठकीत एकूण पोटात किती जाते आणि लोक घरी कसे जातात?

काळी_माती | १६ एप्रिल, रात्री ८:१५

ताई, विचारलंत हे बरं केलंत. चार बिअर, प्रत्येकी ऐंशी मिली, म्हणजे माणशी ३२० मिली, दोन तासांत. एका छोट्या बाटलीएवढं. उरलेलं ओतून देतो. गाडी कोणी चालवत नाही. दोघं तिथेच झोपतात, बाकीचे रिक्षानं जातात. ज्याला प्यायचं नसेल त्याला आग्रह करायचा नाही हा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे.

चाचणी करायचं ठरलं. रविवारी पुण्याला जातोय, मासे आणायचा थर्माकोलचा डबा सोबत.

नवीपेठकर | १७ एप्रिल, सकाळी ९:००

वाट बघायलोय दादा. निकाल टाकाच.

काळी_माती | १९ मे, रात्री ११:१०

धागा वर काढतोय. उशीर झाला, पण पूर्ण चार आठवडे जाऊ द्यायचे होते.

ब्रुअरीतूनच, तीन दिवसांपूर्वी भरलेले आठ कॅन घेतले. बर्फात घालून सोलापूरपर्यंत आणले, या वेळी टेंभुर्णीला डबा गाडीतून काढून टेबलाखाली ठेवला. घरी आल्यावर चार फ्रिजमध्ये, चार माळ्यावर, जुन्या चादरींच्या गठ्ठ्याशेजारी. तिथे तापमापक ठेवला होता. सकाळी सहाला ३३, दुपारी चारला ३९. एकदाही तिशीच्या खाली गेलेलं मी पाहिलं नाही.

चाचणीच्या आदल्या रात्री माळ्यावरचे कॅनही फ्रिजमध्ये ठेवले, म्हणजे तापमानावरून कोणाला ओळखता येऊ नये. रंगाची अडचण निघाली. शिळी बिअर जरा काळवंडते. मग वहिनींनी अठरा स्टीलची फुलपात्रं काढली, आधी मिठानं तपासून घेतली. खोलीतला मोठा दिवा बंद केला. दोन बिअर तीन पात्रांत मांडायच्या नेमक्या सहा तऱ्हा होतात, आणि चाखणारे सहा, म्हणून प्रत्येकाला वेगळी मांडणी दिली. माणशी तीन वेळा पन्नास मिली.

कोणी बोलायचं नाही, कागदावर आकडा लिहायचा. माझ्यापुढची पहिली दोन पात्रं मी तीन-तीनदा हुंगली, फरक लागेना, छातीत धडधड झाली. तिसरं उचललं आणि नाकापाशी यायच्या आधीच मोसंबीची साल आली. आकडा लिहिताना हात थांबला नाही.

सहापैकी पाच बरोबर. नुसत्या अंदाजानं पाच किंवा सहा जणांचं बरोबर यायची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे शंभरात दोनाहूनही कमी. ज्याचं चुकलं तो येताना पार्क चौकात मिरची भजी खाऊन आला होता. त्यानं ते स्वतःहून सांगितलं, पण चुकलेलं चुकलेलंच धरलंय.

मग झाकून गुण दिले. फ्रिजमधलीला सरासरी ३८, माळ्यावरचीला २४. सगळ्यात जास्त फरक वासात पडला: १२ पैकी ९ आणि ४. कडूपणाही बदलला होता हे मला अपेक्षित नव्हतं. फ्रिजमधलीचा लखकन येऊन जातो, माळ्यावरचीचा जिभेवर खरखरीत बसून राहतो, चहा जास्त उकळल्यासारखा. ब्रुअरी एक, पातेलं एक, भरल्याचा दिवस एक.

आता माझ्या वहीत प्रत्येक बिअरच्या नावाखाली तीन ओळी गुणांच्या आधी येतात: भरली कधी, ठेवली कुठे, आली कशी. या तीनपैकी एक जरी रिकामी असली तर मी गुण देतो, पण आकड्याभोवती गोल करतो आणि तो कुठल्याही तुलनेत धरत नाही. एप्रिलमधल्या ग च्या २१ भोवती गोल केलाय.

शेंगाचटणी | २० मे, सकाळी ८:४०

सहा तऱ्हा, सहा माणसं, फुलपात्रं! वाचून फार आनंद झाला. आमच्याकडे यासाठी लाल दिव्याच्या वेगळ्या खोल्या बांधल्यात. कडूपणाचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, जुनी होताना कडू द्रव्यंही मोडतात आणि उरतो तो कडूपणा खरखरीत लागतो. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

डाळिंबवाला | २० मे, संध्याकाळी ७:१५

फळीवरचा माल दुकानदाराला दाखवला का? त्याला कळलं तर तोही ठेवेल नीट. आम्ही व्यापाऱ्याला दाणे फोडून दाखवतो, नुसतं सांगून पटत नाही.

काळी_माती | २ जून, रात्री ९:५०

डाळिंबवाले दादा, तुमचं ऐकलं. सात रस्त्याच्या बाजूला मी नेहमी जातो त्या दुकानदाराला माळ्यावरचा एक आणि फ्रिजमधला एक असे उरलेले दोन कॅन नेऊन दिले. रात्री दुकान बंद झाल्यावर घरी नेऊन त्यांनी दोन्ही उघडले. दुसऱ्या दिवशी फोन आला, "हे दोन्ही एकच आहे?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

काल गेलो होतो. फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केलाय, त्यात बारा कॅन उभे आहेत, दोन ब्रुअरींचे. प्रत्येक कॅनवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मार्करनं लिहिलंय: भरली २२ मे.